तबल्यावर कोण होतं?

आमच्या इथल्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात शनिवारी सकाळी एक निवृत्त गृहस्थ येतात. एलपी पाकिटातून काढली की आधी ती उजेडाला तिरकी धरतात आणि खिशातून भिंग काढतात. वादन संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत कोरी पट्टी उरते, तिच्यात ‘आरव्हीजी’ ही अक्षरं सापडतात का ते बघायचं असतं. शेजारी कानासारखी दिसणारी कारखान्याची खूणही मिळाली, तर स्वारी लॉटरी लागल्यासारखी खूश. आरव्हीजी म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, आईवडिलांच्या दिवाणखान्यात, माइल्स डेव्हिस आणि थेलोनियस मंक या जॅझ वादकांचं ध्वनिमुद्रण करायचे. 1959 मध्ये स्वतंत्र स्टुडिओ झाला, तोवर जॅझचा केवढा तरी इतिहास त्या घरच्या सोफ्याखुर्च्यांच्या जागेत वाजून गेला होता.

हे सगळं मी परदेशातून पुण्याला फोनवर दादाला रंगवून सांगितलं. दादा दर डिसेंबरला सवाई गंधर्वला चटई घेऊन बसणारा. म्हणाला, “ही रसिकता नव्हे रे, कारकुनी आहे. गाणं ऐकायचं सोडून खतावण्या कसल्या लिहिता?”

वादाला कारण होतं बाबांची एक कॅसेट. गणेशोत्सवातली मैफल, वरच्या कागदावर बाबांच्या अक्षरात ‘यमन, मग ठुमरी. पाऊस.’ एवढंच. गायकाचं नाव लिहायची गरज नाही, पहिल्या आलापात ओळखू येतो. पण ठुमरीच्या शेवटी तबलजी जी लग्गी, म्हणजे चढ्या लयीतले झपाट्याचे बोल, धरतो, ती मी इथे गाडीत शंभरदा ऐकली असेन. हा माणूस कोण? दादाचं उत्तर, “असेल कोणीतरी. तू ऐकतोयस ना?”

मला हे ‘असेल कोणीतरी’ हल्ली सहन होत नाही. पुण्यात असताना खुशाल होत होतं, हेही सांगतो.

जॅझवाले कशावरूनही भांडतील, पण वाजवणाऱ्यांची नावं त्यांना पक्की ठाऊक असतात. 25 जून 1961, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीने दुपार-संध्याकाळ मिळून पाच फेऱ्या वाजवल्या आणि सगळं ध्वनिमुद्रित झालं. पियानोच्या मागे पेल्यांची किणकिण, कोणाचं तरी हसणं. हा आवाज त्रासदायक की त्यामुळेच ते जिवंत, यावर माझ्या ओळखीच्या दोघांनी एकदा अख्खं जेवण थंड केलं. पण बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, स्कॉट लफारो होता, याबद्दल कोणालाच शंका नसते. अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला, पंचविसाव्या वर्षी. त्यानंतर निघालेल्या पहिल्या एलपीच्या दर्शनी भागावर त्याचं नाव छापलं आणि सुरुवातही त्याच्याच रचनेने केली. बास वाजवणारा, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने साथीदार!

आपल्याकडे सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका शेवटी स्वतःचं नाव पुकारायच्या. गौहर जान तर इंग्रजीत. तबकडी परदेशात दाबली जायची, तिथल्या माणसांना कोणाची कोणती ते कळावं म्हणून ही सोय. तबलजीने, सारंगियाने काही पुकारलं नाही. सिनेमाच्या तबकड्यांवर सी. रामचंद्रांचं नाव ठळक. त्यांच्या वाद्यमेळात ट्रम्पेट घेऊन उभ्या असलेल्या चिक चॉकलेटचं, म्हणजे गोव्याच्या अंतोनियो वाझचं, लेबलावर नाही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून हात तयार झालेले किती गोवेकर अशा गाण्यांत बिननावाचे विरघळलेत.

दादा म्हणतो, अमेरिकनांना नोंदी ठेवायची सवयच असते. या बाबतीत मात्र तो चुकतो. जॅझच्या तबकड्यांची पहिली मोठी सूची 1936 मध्ये काढली ती शार्ल दलोने या फ्रेंच माणसाने, पॅरिसमधून. आणि भारतातल्या पहिल्या ग्रामोफोन ध्वनिमुद्रणांची यादी चिकाटीने लावली मायकल किनिअर या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी. ज्याच्या दारात रोज वाजतं तो कशाला लिहून ठेवेल? उद्या पुन्हा वाजणारच असतं. दूरच्याला तेवढीच तबकडी मिळते, मग तो तिच्यावरचा ओरखडासुद्धा मोजतो. माझंही तेच झालंय. बावीस वर्षांपूर्वी विमानात बसलो नसतो, तर तबलजीचं नाव मीही विचारलं नसतं.

दादाचा एक वार मात्र मला लागला. मागच्या महिन्यात एका मंगळवारी इथल्या छोट्या क्लबात एक तरुण सॅक्सोफोनवाली आली होती. अप्रतिम वाजवत होती. श्रोते नऊ, त्यात एक तिची आई. शनिवारच्या भिंगवाल्या गृहस्थांना मी आवर्जून बोलावलं होतं. ते म्हणाले, “सगळं चांगलं 1965 पर्यंत वाजवून झालंय.” दादाला सांगितलं तर तो काही क्षण गप्पच. मग म्हणाला, “आमच्याकडे कालपरवाच्या पोराने नीट षड्ज लावला, तरी हजारो लोक दाद देतात. त्याच्या पेटीवाल्याचं नाव नसेल माहीत.” यावर काय बोलणार? मी विषय बदलला.

परवा रात्री त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. कॅसेटची गोष्ट त्याने पेठेतल्या दोन म्हाताऱ्यांना सहज सांगितली होती, बाबांबरोबर त्या मांडवात बसलेल्या. एक म्हणतो तबलजी मिरजेचा होता, दुसरा म्हणतो छे, तो तर त्या वर्षी आजारी होता. दोघांची जुंपली, चहा गार झाला, आता एकजण घरी डायऱ्या शोधतोय. मागे दादाची बडबड चालूच होती. शेवटी थांबून म्हणाला, “ते ठीक आहे रे, पण पेटीवर कोण होतं? जरा ती दुसरी बाजू पुन्हा ऐकून सांग.”