"चहा पाजून सही घेतली" म्हणता, त्यावर

काका, नमस्कार.

पेन्शनची आणि कार्डांची कामं करणाऱ्या आमच्या ऑफिसला तुम्ही रिव्ह्यूत एक तारा दिलात आणि लिहिलंत: "रिटायरमेंटचे अडीच लाख अडकवले, हातात महिन्याला तेराशे. तेही कार्डवाल्यांनी खाल्ले. फ्री कार्ड म्हणून चहा पाजून सही घेतली. लिफ्ट कायम बंद. नाशिककरांनो, लांब राहा." आकडे तुम्हीच चारचौघांत मांडलेत, म्हणून मीही आकड्यांतच बोलतो. रविवारी फाइल काढून पहिल्यापासून वाचली.

लिफ्टचं खरं आहे.

क्रेडिट कार्डाचंही खरं आहे, उलट तुम्ही लिहिलंय ते कमीच आहे. 2024 मध्ये तुम्ही अंबडची कंपनी सुटल्यावर एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, कागद घेऊन आला होतात. कार्ड मागितलं नव्हतं. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने त्याच टेबलावर, त्याच पंधरा मिनिटांत दुसरा फॉर्म पुढे सरकवला. कार्डामागे आम्हाला कमिशन मिळतं हे त्याने सांगितलं नाही, ते मी इथे सांगतो. "लाइफटाइम फ्री" हे त्याचेच शब्द. कार्ड फक्त पहिल्या वर्षापुरतं फ्री होतं. दुसऱ्या वर्षी 999 रुपये फी लागली, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,178 रुपये 82 पैसे.

याहून मोठी चूक फॉर्मच्या आत निघाली. ऑटो डेबिटच्या, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरण्याच्या, चौकटीत "टोटल ड्यू" (पूर्ण बिल) की "मिनिमम ड्यू" (बिलाचा किमान भाग) असं विचारलेलं असतं. खूण मिनिममवर आहे. तुमची सही निळ्या शाईत, खूण काळ्या.

उन्हाळ्यात तुम्ही 42,000 चा फ्रीज घेतलात. शेवटच्या तारखेला खात्यातून आपोआप 2,100 गेले, त्यात पेन्शनचे तेराशेही गेले. तुम्हाला वाटलं हप्ता गेला. आयुष्यभर पतसंस्थेचे हप्ते भरलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? पण पतसंस्थेच्या हप्त्याने कर्ज फिटतं. मिनिमम ड्यूने फक्त लेट फी टळते. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, आणि व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून लागतं. तुमचं असं झालं: पहिले 40 दिवस पूर्ण 42,000 वर, नंतर पुढचं बिल निघेपर्यंत 10 दिवस 39,900 वर, दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. व्याज 2,392 रुपये 27 पैसे, जीएसटी धरून 2,822 रुपये 88 पैसे. "स्टेटमेंटच्या मागे सगळं छापलेलं असतं" म्हणून हात झटकता आले असते, पण ते अक्षर मलाही चष्मा लावून नीट वाचता येत नाही.

फी आणि हे व्याज मिळून, पैसे सोडून, 4,001 होतात. आहेराचा आकडा वाटेल, पण हिशेबच तसा आला. ते मी देणार. मुलाला कामावरून काढलेलं नाही, कारण महिन्याला इतकी कार्डं झालीच पाहिजेत हे टार्गेट मीच लावलं होतं. आता पेन्शनच्या कामाला आलेल्या माणसापुढे कार्डाचा फॉर्म ठेवायचा नाही.

एनपीएसबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. 2016 पासून तुम्ही वर्षाला 50,000 भरत होतात, ते करात मिळणाऱ्या जास्तीच्या वजावटीसाठी. वीस टक्क्यांच्या टप्प्यात दरवर्षी दहा हजारांच्या वर कर वाचला. तो पासबुकात दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. साठीला 6,20,000 जमले. रक्कम 5 लाखांच्या वर असली की तेव्हाच्या नियमाने किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन आयुष्यभराची पेन्शन, घ्यावीच लागत होती, म्हणजे 2,48,000. उरलेले 3,72,000 करमुक्त तुमच्या खात्यात आले, त्यांच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. पेन्शन तेराशेच का? कारण तुमच्यामागे मूळ रक्कम वारसांना परत मिळेल असा प्रकार तुम्ही निवडलात. तो न घेता आकडा वाढला असता, पण मुलांना काही उरलं नसतं. दोन्ही आकडे मी स्वतः समोर ठेवले होते, तेव्हा पंचाहत्तरीपर्यंत थांबता येत होतं, हेही सांगितलं होतं. या कागदांवर सही आणि खुणा सगळ्या निळ्या आहेत. "अडकले" हा शब्द मी खोडत नाही, ते पैसे मनात आलं की काढता येत नाहीत. पण ते कार्डवाल्याने खाल्लेले नाहीत.

आता कार्ड बंद करायचं. तुमच्या मुलाने उरलेली रक्कम एकदम भरली, चांगलं केलं. तरी पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईलच; ते बिल आमच्याकडे आणा, तेही माझ्याकडे लागलं. बाकी शून्य झाली की लेखी अर्ज द्यायचा, तो मी लिहून देतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये तिने तुम्हाला द्यायचे. मात्र थकबाकी एक रुपयाही असली तर हे लागू नाही, म्हणून आधी ते शेवटचं बिल. बँकेकडे केलेल्या तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. माहितीसाठी 14448 वर फोन करता येतो.

बुधवारी अकरानंतर या. दोन मजले चढू नका, खालून फोन करा. चेक आणि अर्ज घेऊन मीच खाली येतो.