जुनी डर्ट बाईक भरवशाची होत नाही म्हणे, जरा थांबा

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सार असा: दहा वर्षांपेक्षा जुनी डर्ट बाईक (मातीच्या, ऑफ-रोड वाटांवर पळवायची गाडी) घेऊच नका, एकदा इंजिन खोललं की गाडी संपली, टू-स्ट्रोक (क्रँकच्या दर फेरीला पेट घेणारं इंजिन) तर कधीही सीज होते, म्हणजे पिस्टन आतच अडकतो, पार्ट मिळत नाहीत, आणि कितीही पैसे ओता, भरवसा काही येत नाही. हे वाचून नवीन पोरं चांगल्या चांगल्या गाड्या सोडून देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे वय. डर्ट बाईकचं आयुष्य वर्षांवर नाही, इंजिन किती तास चाललं आणि त्या तासांत काय हवा प्यायलं यावर ठरतं. बघायला गेलात की सीट काढा, एअर फिल्टर बाहेर घ्या आणि फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून बोट फिरवा. बोटाला बारीक किरकिरीत धूळ लागली तर ती गाडी गेल्या वर्षीची असली तरी पिस्टन-रिंग घासलेल्या आहेत असंच धरून भाव बोला. बोट स्वच्छ आलं आणि फोमच्या फिल्टरला नीट तेल लावलेलं दिसलं, तर २००६ ची गाडी असली तरी मालकाने जपलीय हे कळतं.

आता इंजिन खोललं की संपलं हा मुद्दा. हा विचार ऑफिसला जायच्या गाडीवरून आलाय, तिथे इंजिन खोलणं म्हणजे मोठं आजारपण. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीत ठरावीक तासांनी पिस्टन बदलणं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, ते नेहमीचं काम आहे. आपल्याकडे डर्ट ट्रॅकला कित्येक वर्षं पळवलेली आरएक्स१०० घ्या, १९८५ ते १९९६ एवढीच बनली, तरी अजून पळतेय, कारण तिचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली नळी, कास्ट आयर्नचा, घासला की मोठ्या साइजचा पिस्टन आणायचा आणि लेथवाल्याकडे बोअर मारून घ्यायचा. फक्त पिस्टन आधी हातात घ्या आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर मारायला सांगा, अंदाजपंचे नको. बऱ्याच इम्पोर्टेड गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकासिलचा कडक थर असतो, तिथे साधा बोअर मारला की थरच गेला, मग पुन्हा प्लेटिंग नाहीतर नवीन सिलिंडर. बरीचशी "बरबाद" इंजिनं इथे बरबाद होतात, वयामुळे नाही.

टू-स्ट्रोक सीज होते, खरंय, पण "कधीही" नाही, कारणाने होते. क्रँकची ऑइल सील कडक झाली की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापून फुगतो आणि धरतो. लोक काय करतात, नवीन पिस्टन टाकतात आणि सील तीच जुनी ठेवतात, मग महिन्याभरात परत तेच आणि नाव टू-स्ट्रोकचं खराब! इनटेक (हवा आत येते ती वाट) आणि सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडतो ते एक्झॉस्टचं तोंड बंद करून इंजिनात ६-७ पीएसआय हवा भरा, दाब उतरायला लागला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याने मिश्रण आणखी थोडं लीन होतं, त्यामुळे जेटिंग (कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जातं ते ठरवणाऱ्या जेटचं माप) पुन्हा बघायचं, जुने रबरी पाइप बदलायचे आणि गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा.

फोर-स्ट्रोकबद्दल मेसेजवाल्याचं थोडं बरोबर आहे. २००४ ते २००९ च्या होंडा सीआरएफ२५०आर मध्ये टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह घासून क्लिअरन्स (व्हॉल्व्हसाठी ठेवलेली बारीक फट) संपतो, गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. पण त्यालाही स्टीलचे व्हॉल्व्ह आणि त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंगा हा जुना, माहितीतला उपाय आहे, फक्त हेडचं काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि तो खर्च आधीच भावातून कापा.

पार्ट? मॉडेल बघून घ्या. यामाहाची वायझेड२५० टू-स्ट्रोक २००५ पासून मूळ ढाचा फारसा न बदलता बनत राहिली, तिचे पार्ट मागवले की येतात.

आणि पैसे ओतूनही भरवसा येत नाही, तो क्रम चुकतो म्हणून. आधी स्टिकर, हँडल, सायलेन्सर घेतात. त्याआधी गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक हाताने वर उचलून बघा, टक् असा आवाज आला तर लिंकेजची (मागच्या सस्पेन्शनच्या जोडांची) बेअरिंग गेलीत, प्रेशरच्या पाण्याने धुऊन धुऊन त्यांचं ग्रीस निघून जातं. आधी सील, बेअरिंग, फिल्टर, मग पिस्टन, कूलंट, चेन-स्प्रॉकेट, केबल, आणि उरले तर स्टिकर.

क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) वेल्डिंग दिसलं, फ्रेमची मान (जिथे हँडल बसतं तो भाग) वाकलेली असली किंवा विकणारा कागदांबद्दल टाळाटाळ करत असेल, तर मात्र गाडी कितीही स्वस्त असू दे, हात लावू नका.