‘तोंड आवर’ हा उपचार नव्हे

चतुर्थी जवळ आली तशी वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला, तुमच्याकडेही आला असेल: ‘जाड बायकांना समुपदेशन कसलं? तोंड आवरलं की वजन उतरतं, वजन उतरलं की आनंद आपोआप येतो. थेरपी म्हणजे शहरी चोचले. चार शब्द सुनावल्याशिवाय बाई सुधारत नाही.’

मी मालवणची, वजन ९२ किलो, सावंतवाडीला आठ महिने थेरपीला जाऊन आलेय. तेव्हा उत्तर द्यायचा हक्क आहे माझा.

‘वजन उतरलं की आनंद’ हे आधी. माझं एकदा चौदा किलो उतरलं होतं. तरी मामेबहिणीच्या लग्नात फोटोला मी मागच्याच रांगेत, पुढ्यात कुणाचं तरी पोर धरून. लाज वजनकाट्यावर बसत नाही. अमेरिकेत जेम्स रोझेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लठ्ठ स्त्रियांना वजन उतरवायचा कार्यक्रम न देता फक्त देहप्रतिमेवर, म्हणजे स्वतःच्या शरीराकडे बघायच्या नजरेवर, थेरपी दिली. वजन होतं तिथंच राहिलं. शरीराची लाज मात्र कमी झाली, स्वतःबद्दलचं मत सुधारलं.

माझ्या थेरपीत आरसा होता. समोर उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायचं, शिवी न घालता. मी ‘हे बेढब पोट’ म्हटलं की बाई थांबवायच्या, ‘ताई, दिसतं तेवढंच सांगा.’ चौथ्या खेपेला जमलं: पोट गोल, बेंबीखाली सिझेरियनचा वण, उजव्या मनगटावर घावणे काढताना बिडाच्या तव्याने दिलेला चट्टा. तो चट्टा मी इतक्या वर्षांत नीट बघितलाच नव्हता!

आता सुनावण्याबद्दल. २००६ ते २०१० या काळात अमेरिकेत सहा हजारांवर लोकांची माहिती दोनदा घेतली. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. मला याचं नवल वाटलं नाही. चतुर्थीला येणारे मुंबईकर उंबऱ्यातच म्हणतात, ‘किती सुटलंस गो!’ मग चारचौघांत मी ताटात अर्धी मूद घेते, आणि रात्री सगळे निजले की स्वयंपाकघरात दिवा न लावता, उभ्याने, डब्यातल्या नेवऱ्या.

शहरी चोचले म्हणाल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारा. फुकट, चोवीस तास.

एक मात्र कबूल. थेरपीने साखर किंवा रक्तदाब उतरत नाही. माझी बीपीची गोळी चालू आहे, संध्याकाळचं चालणंही. पण आता नेहमीच्या रस्त्याने चालते. पूर्वी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मागच्या पाणंदीने जायची.

मेसेज टाकणारे आमचे भावोजी चतुर्थीला येतीलच. नेवऱ्या मी त्यांच्यासमोर पाटावर बसून खाणार आहे, ताटात घेऊन.