दोन माद्या, एक पिंजरा आणि खोटी गाभण

"दोन्ही माद्याच आहेत, बहिणी-बहिणी आहेत, राहू द्या की एकत्र भो!" जळगाव-धुळ्याकडं ससे पाळणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य नेहमीचं. पैदास करायची नसेल आणि माद्यांचं गर्भाशय-अंडाशय काढलेलं असेल तर खुशाल राहू द्या. पण त्याच माद्यांपासून पिल्लं घ्यायची आणि त्यांना जोडीनंही ठेवायचं, हे एका पिंजऱ्यात जमत नाही. शेजारी ठेवा, एकत्र नको.

आधी त्या खरंच माद्या आहेत का ते बघा. बाजारातून 'माद्यांची जोडी' म्हणून आणलेल्यात एक नर निघणं काही नवीन नाही. पिल्लू उताणं धरून शेपटीच्या पुढं दोन बोटांनी हलकं दाबलं की मादीची उभी चीर दिसते, नराची गोल नळी वर येते. दीड महिन्याच्या पिल्लात नजर चुकते, म्हणून अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर नराचे वृषण दिसू लागतात.

आता खरी गोम. गाय-म्हैस ठरावीक दिवसांनी माजावर येते. सशाच्या मादीचं तसं नाही. तिचं बीज (अंडं) मीलनाच्या उत्तेजनानंतर 10 ते 13 तासांनी सुटतं, आणि ते उत्तेजन नरानंच द्यावं असं नाही. दुसरी मादी अंगावर चढली तरी काम होऊन जातं. एका पिंजऱ्यातल्या दोन माद्या 'मोठी कोण' हे ठरवायला एकमेकींवर चढतातच. नराचा पत्ता नाही, तरी बीज सुटलं की शरीर गाभण राहिल्यासारखं वागायला लागतं. ही खोटी गाभण 16 ते 18 दिवस चालते. त्या दिवसांत मादीला नराकडं नेलं तर ती बहुतेक वेळा त्याला जवळच येऊ देत नाही, आणि लागली तरी गर्भ धरत नाही. मालक म्हणतो नर कमजोर, आणि दुसरा नर आणतो. नर बिचारा ठणठणीत असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. मादी तोंडात आडवं गवत धरून पिंजराभर फिरते, झुपकेदार मिशीच्या हवालदारासारखी. मग गळ्याखालचे, छातीचे केस उपटून कोपऱ्यात रचते. हे सतराव्या दिवसाच्या आसपास झालं तर खोटं, 28 ते 31 व्या दिवशी झालं तर खरं. पण त्यासाठी नराकडं नेल्याची तारीख पिंजऱ्याला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलेली पाहिजे. एकत्र ठेवलेल्या माद्यांत कोण कोणावर कधी चढली याची तारीख कोण लिहिणार?

"रानात ससे कळपानंच राहतात ना?" हो, पाळीव सशाचा पूर्वज, युरोपातला रानससा, बिळांच्या वसाहतीत राहतो. पण व्यायच्या वेळी मादी वेगळी होते. कमी मानाची मादी तर वसाहतीपासून लांब उथळ बीळ खणते आणि पिल्लांना पाजून झालं की तोंड मातीनं बुजवते. अडीच बाय दोन फुटांच्या जाळीत ती लांब कुठं जाणार? (आपल्या शेतातला ससा ही वेगळी जात. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडी असतात. त्याला धरून आणू नका, कायद्यानं गुन्हा आहे.)

सोबत हवी तर दोन पिंजरे शेजारी लावा, पण मधे दोन जाळ्या आणि दोन इंचांचं अंतर. एकच जाळी असेल तर नाकं आणि बोटं चावली जातात. नराकडं न्यायचं तेव्हा मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, उलटं नाही; आपल्या जागेत ती नरालाही फोडून काढते. नर एका कुशीवर धपकन पडला की काम झालं, मादी लगेच बाहेर काढा आणि तिच्या स्वतःच्या पिंजऱ्यात ठेवा. अठ्ठाविसाव्या दिवशी व्यायला पेटी द्या. चार किलोच्या मादीला दीड फूट लांब, एक फूट रुंद-उंच, पुढचा काठ सहा इंच. आत वाळलं गवत, कापूस-दोरा अजिबात नको, पिल्लांच्या पायात गुंततो. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं पाजते. त्यामुळं "पाजतच नाही" म्हणून घाबरू नका, पिल्लांचं पोट टम्म असलं की झालं. अशा वेळी दुसरी मादी पिंजऱ्यात असेल तर ती पेटीत उडी मारते, पिल्लं तुडवते, कधी चावते.

भांडण लागलंच तर मधे हात घालू नका, झाडू किंवा जाड पुठ्ठा घाला. चावे मागच्या भागावर, कानाला आणि जननेंद्रियाजवळ असतात, केसांत झाकलेले, म्हणून केस फुंकून बघा. सशाचा पू दाट, दह्याच्या चक्क्यासारखा असतो, आपोआप निचरत नाही. मेडिकलवरून अमॉक्सिसिलिन आणून पाजू नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा जुलाबानं जातो.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांतून टाकतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44 च्या पुढं जातो, तेव्हा गाभण मादी सगळ्यात आधी जाते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर नराकडं नेऊ नका, म्हणजे पिल्लं एप्रिलअखेर आईपासून तुटतात. कडुलिंबाची सावली, भिजवलेलं बारदान पिंजऱ्यापासून वीतभर लांब टांगलेलं, आणि प्रत्येक पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची एक बाटली. उन्हानं नराचं वीर्यही बिघडतं आणि नवं तयार व्हायला सातेक आठवडे लागतात. पाऊस पडला, गारवा आला म्हणून जूनमध्येच मादी नराकडं नेली, तर ती रिकामीच परत येण्याची शक्यता जास्त.