गुटगुटीतपणा टिकवू इच्छिणाऱ्या पालकांना काही सूचना

आपले मूल खात्यापित्या घरचे दिसावे अशी इच्छा असेल, तर सर्वप्रथम डॉक्टरांकडील वाढीच्या तक्त्याकडे काणाडोळा करायला शिकावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली काढलेल्या तक्त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याशी) जुळवली आहे. इतक्या चिक्कू रेषेखाली आपला बाळ मावणार तरी कसा? पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर ‘आमच्याकडे हाडपेरच मोठे’ एवढे सांगून टेप गुंडाळून ठेवावी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या संशोधनाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. आपल्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, मात्र वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत असते, चरबी जवळजवळ तेवढीच राहते, असे त्यात आढळले. हे वाचल्यावर ‘किती रोडावलाय’ म्हणत घासामागून घास कोंबणाऱ्या आजीचा हात विनाकारण अडखळेल.

यथावकाश मुलाच्या मानेवर काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा उमटेल. तो मळच आहे, यावर ठाम राहावे. रविवारी मुलाला मोरीत बसवून डाळीचे पीठ, हळद आणि लिंबू लावून मान लाल होईपर्यंत घासावी. पट्टा गेला नाही, तर ‘नीट अंघोळ करत नाहीस’ म्हणून मुलालाच झापावे. पोटातील आणि यकृतातील चरबीमुळे शरीर साखर काबूत ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासे होते, मग स्वादुपिंड ते आणखी ओतत राहते आणि त्या अतिरिक्त इन्सुलिनने मानेची, काखेची त्वचा वाढून काळवंडते, असे कोणी सांगू लागल्यास त्याला घरगुती उपायांचा अनुभव नाही असे समजावे. काखेतही तसाच पट्टा दिसला, तर पीठ थोडे जास्त भिजवावे.

यकृतातील चरबी दुखत नाही, ही मोठीच सोय आहे. मुलीची पाळी महिनोन्महिने लांबली, तर ‘या वयात असे व्हायचेच’ म्हणावे, आणि रक्तदाबाचा पट्टा लहान मुलांच्या दंडाला शोभत नाही, हे आपण जाणताच. खेळाचा तास शिकवणीला द्यावा. रोज साठ मिनिटे धावपळ सुचवणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेला दहावी कुठे द्यायची आहे?

इतके करूनही कोणी हट्टाने रक्त तपासायला लावलेच, तर फक्त उपाशीपोटीची साखर तपासावी. स्वादुपिंड जादा राबून ती बराच काळ काबूत ठेवते, त्यामुळे ‘नॉर्मल’ हा शब्द बहुधा मिळेल. कोवळ्या वयातला टाइप २ मधुमेह मोठ्यांच्या मानाने लवकर बळावतो, हा विषय पुढच्या भेटीवर ढकलावा. मात्र सुई टोचून घेताना मूल रडले असेल आणि सकाळपासून उपाशीही असेल, तेव्हा प्रयोगशाळेतून बाहेर पडताच समोरच्या बेकरीत त्याला क्रीमरोल आणि गार कोला घेऊन द्यावा.