युरियाची गोणी हजार रुपयांना झालेली नाही

मुरबाड-शहापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय, 'जगात खताची मागणी वाढली, युरियाची गोणी आता हजाराला.' हे खरं नाही. जागतिक भाव चढतात, २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर तर भडकलेच होते. पण युरियाची विक्री किंमत केंद्र सरकार ठरवतं आणि वरचा बोजा अनुदानातून उचलतं. त्या भडक्यातही ४५ किलोची गोणी, कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च धरून, साधारण २६६ रुपयांनाच मिळत होती. गोणीवरची छापील किंमत वाचा, दुकानात अंगठा लावल्यावर विक्रीच्या मशीनमधून निघणारी पावती मागूनच घ्या. भाताच्या आवणीच्या घाईत, चिखलाच्या हातांनी कुणी घाबरून जादा पैसे मोजावेत, हे बघवत नाही. डीएपी या दुसऱ्या खताचं मात्र वेगळं आहे. तिथे अनुदानाचा दर ठरलेला असतो, त्यामुळे बाहेरची तेजी गोणीच्या किमतीत जाणवू शकते.