कमरेला काय आहे हो?

सराफीचा धंदा आहे, माल आणि रोकड घेऊन ये-जा असते म्हणून शस्त्र परवाना काढला. आयुक्तालयाचे हेलपाटे एक दिवस संपतात, खरी मजा त्यानंतर सुरू होते. २०१६ च्या शस्त्र नियमांत लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. नियम दिल्लीत झालाय हो. करणाऱ्यांनी सदाशिव पेठेत आठवडाभर मुक्काम केला असता तर ते ‘पूर्ण झाकलेलं’ त्यांनी स्वतःच खोडलं असतं, कारण इथे नवी चप्पल घालून निघालात तरी कोपऱ्यावर जाईपर्यंत कुठून घेतली, केवढ्याला घेतली आणि फसलात कसे हे सगळं सांगून होतं.

वेपन साधंच आहे, .३२ चं, कारण ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आपल्यासारख्याला मिळत नाही. भरलं की पाऊण किलोच्या आसपास. ते उजवीकडे पँटच्या आत आणि डावीकडे एक्स्ट्रा मॅगझिन, आठ गोळ्यांचं. बायको म्हणाली, अहो, पहिल्या आठ गोळ्यांत काम झालं नाही तर तुम्ही दुसरं मॅगझिन लावेपर्यंत चोर थांबणारेत का? मी म्हटलं ते चोरासाठी नाहीच, ते नसलं की पँट उजवीकडे झुकते.

टेलर वेगळाच छळ. पोट आहे तेवढंच आणि कंबर दोन इंच सैल का, हे त्याला पटेना, शेवटी ‘जेवण वाढलंय’ म्हटलं तर म्हणाला मग व्यायाम करा, कापड कशाला वाया घालवताय. शर्ट एक साइज मोठा आणि चौकड्यांचाच, प्लेनवर लगेच उठून दिसतं. इन करणं कायमचं बंद. त्यात मे महिना. पारा चाळीसला टेकलेला, बायका सनकोट-स्कार्फ गुंडाळून डोळ्यांपुरत्या शिल्लक, त्यांना कोणी काही विचारत नाही, मी शर्टावर जाकीट चढवलं की लगेच ‘काय, तिकीट मिळालं वाटतं?’ आत घामाच्या धारा, आणि घाम लोखंडाला चांगला नाही म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मी तेल आणि फडकं घेऊन बसतो.

मॉल, मल्टिप्लेक्स, मेट्रो, जिथे तपासणी तिथे वेपन न्यायचंच नाही, घरी तिजोरीत ठेवून जायचं. म्हणजे पिक्चरला जायचं ठरलं की चोरांना सुट्टी.

पण सगळ्यात वाईट म्हणजे लग्न. आपल्याकडे मिठी मारायची पद्धत फारशी नाही हे एक बरंय, पण वाकून नमस्कार आहे ना! वाकलं की शर्ट वर सरकतो आणि मागून सगळं प्रदर्शन. मामा, मामी, मोठे काका, मुलाकडचे आजी-आजोबा, सगळे ओळीने बसलेले, आणि मी पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली बसतोय, पायांना हात लावतोय, परत सरळ उभा राहतोय, एका हाताने शर्टाचं टोक धरून. आजी म्हणाल्या, कंबर धरलीये रे तुझी, महानारायण तेल लाव. दुसऱ्या मावशींनी लगेच त्यांच्या वैद्यांचा नंबर दिला. पंगतीत मांडी घालून बसलो तर पिस्तुलाची मूठ अशी बरगडीत घुसली की जिलबी वाढणारा माझा चेहरा बघून आग्रह न करता पुढे गेला, हे पुण्यातही सहसा होत नाही.

ह्या सगळ्यातून आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी निदान केलं. माणूस वाकत नाही, सारखा कमरेशी चाचपतो, स्पीडब्रेकरवर गाडी हळू घेतो, आणि शर्टाखाली फुगीर दिसतंय. हर्निया! मी नाही म्हणालो नाही. नियमात पूर्ण झाकलेलं म्हटलंय, कशाने ते कुठे म्हटलंय.

मग २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली आणि पोलीस ठाण्यातून फोन, वेपन जमा करा. केलं, पावती घेतली. दुसऱ्या दिवशी जिन्यात काका. शर्ट इन केलेला बघून खूश. ‘झालं वाटतं ऑपरेशन? दुर्बिणीतून की टाके घालून?’ मी म्हटलं दुर्बिणीतून. खर्च किती आला, मेडिक्लेम होता का, सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, आकड्यासकट.

निकाल लागला, पिस्तूल परत आलं आणि काका चपापले. ‘परत? जाळी नव्हती का बसवली?’ नोव्हेंबरात विधानसभा, पुन्हा जमा, पुन्हा शर्ट इन, पुन्हा अभिनंदन. आणि महिन्याभरात पुन्हा फुगीर.

आता काका मला काही विचारत नाहीत. फक्त सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरतायत, ह्यांनी कुठे केलं ते नीट विचारून घ्या आणि तिथे चुकूनही जाऊ नका.